एकशे चौदा नंबरचा टोन

“शैला, जरा इकडं ये गं. तुला इथं काही दिसतंय का बघ.”

मी पोळ्या लाटत होते. पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. बाबा बनियनवरच होते, चष्मा कपाळावर चढवून की-बोर्डवर वाकलेले. छोट्या निळ्या पडद्यावर ११४ हा आकडा होता आणि त्याच्यापुढं नुसत्या आडव्या रेघा.

“रेघा आहेत,” मी म्हणाले.

“बरं झालं. म्हणजे डोळे शाबूत आहेत.” ते हसले. “मग टोन गेला कुठं?”

फेब्रुवारीतला रविवार होता. शेजारच्या शेडमधले माग त्या दिवशी बंद होते, त्यामुळं इचलकरंजीत सहसा ऐकू न येणाऱ्या गोष्टी ऐकू येत होत्या. तव्यावरची पोळी, समोरच्यांचा रेडिओ, आणि बाबांच्या बोटाखाली पुन्हा पुन्हा वाजणारं ते बटण. एकशे तेरा. एकशे चौदा. एकशे पंधरा. परत एकशे चौदा.

माझे वडील विश्वंभर कासार दिवसा जकात नाक्यावर कारकून होते आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचे. तीस वर्षं. जकात बंद झाली, नोकरी संपली, वाजवणं राहिलं. गावात त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या की-बोर्डात कंपनीनं भरून दिलेले सहाशे आवाज होते. पियानो, व्हायोलिन, गिटार, ट्रंपेट, झालंच तर हेलिकॉप्टर आणि कुत्र्याचं भुंकणं. बाबांना त्यांचं कौतुक नव्हतं. “कंपनीचा टोन म्हणजे खानावळीतली भाजी,” ते म्हणायचे. “पोट भरतं, पण घराची आठवण येते.” मग ते दोन आवाज एकावर एक चढवायचे, एकाची सुरुवात टोकदार करायचे, दुसऱ्याची शेपटी कापायचे, थोडा कंप घालायचे, आणि त्यातून सनई निघायची, एकतारी निघायची, हलगीसुद्धा निघायची. असे घरी केलेले टोन ठेवायला त्या यंत्रात एकशे अठ्ठावीस रिकाम्या जागा होत्या. एकशे चौदाव्या जागेत सुंदरी होती. सनईची धाकटी बहीण, वीतभर लांबीची, सोलापूरकडं वाजवतात ते वाद्य. लहानपणी आजोळच्या लग्नांत ऐकलेला तो आवाज बाबा चार महिने शोधत होते.

बरोबर दहाला तबस्सुमची स्कूटी दारात थांबली.

“सर, आले. बुधवारची यादी पण आणलीय. शिरोळवाले सत्तावीस गाणी म्हणतायत.”

तबस्सुम जमादार तेव्हा एकवीस वर्षांची होती. बाबांकडं शिकायला लागून तिला सात वर्षं झाली होती. बुधवारी शिरोळच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदा मुख्य की-बोर्डवर बसणार होती आणि बाबा तिच्या शेजारी, दुसऱ्या की-बोर्डवर. असं ऑर्केस्ट्रात कुणी करत नाही. मुख्य जागा माणूस मेल्यावर नाहीतर भांडण झाल्यावर सुटते.

“यादी राहू दे. आधी बस. तुला एक ऐकवायचं होतं,” बाबा म्हणाले, “पण ते पळून गेलंय.”

“कोण?”

“सुंदरी.”

“या वयात सर?” तबस्सुम म्हणाली.

बाबा मोठ्यानं हसले. मी आत पोळी उलटत होते. असा विनोद मी त्यांच्याशी कधी केला असता तर त्यांनी तो ऐकला नाही असं दाखवलं असतं.

“सर, राईट दाबलं होतं का?”

हे विचारणं भागच होतं. त्या यंत्राची रीतच तशी. टोन कितीही मेहनतीनं तयार करा, ‘राईट’चं, म्हणजे ‘लिहून घे’ सांगणारं, बटण दाबून जागा नेमून दिली नाही आणि चुकून दुसऱ्या टोनवर गेलात, की पहिला गेलाच. त्या धंद्यातला एकही माणूस असा नसेल ज्याचा एखादा टोन असा गेलेला नाही. बाबा सोडून. बाबांचा कधी गेला नव्हता, याचा त्यांना अभिमान होता. दुसरा अभिमान म्हणजे ते कुठलीच गोष्ट लिहून ठेवत नसत. दीडएकशे गायकांच्या पट्ट्या, कुणाचा सा कुठला ते, त्यांना तोंडपाठ होत्या. भर कार्यक्रमात कुणी कानाशी येऊन “मास्तर, माझी पट्टी?” म्हणालं की “काळी चार, थंडीत पांढरी पाच,” असं उत्तर तयार. टोनची नक्कलही ते पेनड्राईव्हवर ठेवत नसत. पेनड्राईव्हवरचा टोन म्हणजे चावडीवर ठेवलेली लोणच्याची बरणी, येणारा-जाणारा बोट घालणार.

“दाबलं होतं,” बाबा म्हणाले. “बुधवारी रात्री. नाव पण घातलं होतं त्याला.”

“काय नाव?”

“ते तुला ऐकवल्यावर सांगणार होतो.” मग ते थांबले. “दाबलं होतं की. नव्हतं का दाबलं?”

शेवटचा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला होता, पण बघितलं माझ्याकडं. मी उंबऱ्यात उभी होते.

“शैला, मधे तू हा लावला होतास का गं?”

“मी? मला कुठं काय येतं त्यातलं.”

“ते पण खरंच.”

“विसरला असाल तुम्ही राईट दाबायला,” मी म्हणाले. “होतं असं.”

त्यांनी मान हलवली. मग ते नव्यानं टोन बांधायला बसले. तबस्सुम स्टूल ओढून शेजारी बसली. ओबो हा विलायती सनईसारखा टोन घेतला, त्यावर कंपनीची सनई चढवली. इथपर्यंत ठीक होतं. पुढं आवाजाचा धारदारपणा कमी-जास्त करणारा आकडा आला आणि बाबांचं बोट बटणावर थांबलं.

“साठ होता. का बासष्ट?”

“वाजवून बघू की.”

साठला पिपाणी वाजली. बासष्टला पिपाणीच, फक्त जरा सर्दी झालेली. पंचावन्न, सत्तर, पन्नास. तासाभरानं बाबांनी हात मांडीवर ठेवले.

“तबस्सुम, मला पट्ट्या विचार.”

“आता?”

“विचार गं.”

“बरं. शशी पोवार?”

“काळी एक.”

“अलकाताई?”

“काळी पाच.”

“बशीरभाई?”

“पांढरी…” बाबा म्हणाले. “पांढरी दोन.”

तबस्सुम खोट्या उत्साहानं म्हणाली, “जवळ जवळ बरोबर सर. काळी दोन.”

“जवळ जवळ,” बाबा म्हणाले. “गायकाला सांग तसं. जवळ जवळ तुझ्याच पट्टीत वाजवतोय म्हणावं.”

ती हसली. या वेळी ते हसले नाहीत.

मी दहा वर्षांची असताना बाबांनी मलाही शिकवायला घेतलं होतं. दोन वर्षं. त्या काळात त्यांच्याकडं साध्या, हलक्या पट्ट्यांचा छोटा की-बोर्ड होता. एका संध्याकाळी माझं वाजवून झाल्यावर ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “शैला, तुझा कान वाचणाऱ्याचा आहे, ऐकणाऱ्याचा नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.” आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी नगर वाचन मंदिराची वर्गणी भरून आले. त्यानंतर त्यांनी मला पुस्तकं आणून दिली, कॉलेजात घातलं, मी मराठीची प्राध्यापक झाले तेव्हा गल्लीत पेढे वाटले. माझा संसार दोन वर्षांत मोडला आणि मी परत आले तेव्हा एका शब्दानं कारण विचारलं नाही. माझ्यावर बाबा कधीही ओरडले नाहीत.

तबस्सुमवर ओरडायचे. “बोटं आहेत का भेंड्या?” “हा हात कापून ठेव आणि मग वाजव, बरं वाजेल!” पेन्सिल घेऊन ते तिच्या मनगटावर मारायचे. ती “आयो सर” म्हणायची आणि तीच ओळ परत वाजवायची, पुन्हा चुकायची, पुन्हा मार खायची. मी आतल्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत असायचे. ते ओरडणं ऐकताना माझं लाल पेन एकाच जागी थांबून राहायचं. बाबा माझ्याशी पाहुण्याशी वागावं तसं नीट वागत. ओरडायला माणूस जवळचा लागतो.

दुपारी तबस्सुम गेली. बाबा जेवले, पण ताक प्यायचे राहिले. संध्याकाळी मी माझ्या खोलीत होते, बाहेर ते फोनवर हळू आवाजात बोलत असल्याचं जाणवलं. रात्री भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, “शैले, तू एवढं वाचतेस. विसरण्याबद्दल कुणी काही लिहिलंय का गं?”

“बरंच लिहिलंय.”

“वाचून दाखव कधीतरी.”

“उद्या दाखवते,” मी म्हणाले.

सोमवारी सकाळी साडेसातला दाढीचं पाणी घेऊन जाताना ते मोरीच्या दारात कोसळले. रिक्षा आली तोवर संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, त्यांना कळलंही नसेल. सगळे मला तेच सांगून धीर देत होते.

बुधवारी शिरोळचा कार्यक्रम झाला नाही.

बाराव्याला तबस्सुम आली. आईबरोबर आली होती, आई बायकांत बसली आणि ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली.

“ताई, एक सांगायचं होतं. सरांनी सांगू नको म्हटलं होतं, पण आता काय.”

“सांग.”

“रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, बुधवारी मी स्टेजवर बसणार नाही. मी म्हटलं, का? तर म्हणाले, माझा माझ्या डोक्यावरचा भरवसा गेला. राईट दाबलेलं मला स्पष्ट आठवतंय, आणि दाबलेलं नाही. उद्या भर गाण्यात असं झालं तर तुझा पहिला कार्यक्रम माझ्यामुळं पडेल.” तिनं ओढणीनं नाक पुसलं. “मी खूप समजावलं. तर म्हणाले, माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं, शेवटी ते मला ओळखत नव्हते. आणि म्हणाले, शैलाला यातलं बोलू नको. तिला एकटीला निस्तरायला लागणार आहे, जेवढं लांबेल तेवढं लांबू दे.”

अंगणात आचाऱ्याची मोठी पातेली उपडी घातलेली होती. त्यांच्यावर ऊन पडलं होतं.

लाज वाटते, पण तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते हे: बाबांनी हे तिला सांगितलं. मला नाही, तिला. बाप जाऊन बारा दिवस झाले होते आणि मी अजून मोजतच होते.

“बरं झालं सांगितलंस,” मी म्हणाले. “की-बोर्ड तू घेऊन जा. तुझाच आहे तो.”

ती रडायला लागली. आत आल्यावर तिच्या आईनं माझे हात हातात घेतले. आमच्या काकू सगळ्यांना सांगत राहिल्या, बघा, पोटच्या पोरीचं मन किती मोठं. मला ते यंत्र घरात नको होतं, एवढंच.

कारण जे झालं ते त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी दुपारी झालं होतं.

बाबा डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले होते. कॉलेजला सुट्टी होती. बुधवारी रात्री त्यांना हेडफोन लावून की-बोर्डवर बसलेलं मी बघितलं होतं, चेहरा असा की लग्नातल्या फोटोतही तसा नाही. काय एवढं सापडलं ते मला ऐकायचं होतं. मी की-बोर्ड लावला. दोन वर्षं शिकले होते, त्यामुळं सगळं विसरले नव्हते. त्यांचे टोन एकापाठोपाठ एक लावून बघत गेले. प्रत्येकाला त्यांनी इंग्रजी अक्षरांत नाव दिलं होतं. काही वाद्यांची नावं, काही माणसांची. एका मऊ, बाजाच्या पेटीसारख्या टोनला माझ्या वारलेल्या आईचं नाव होतं, कुसुम. ऑर्केस्ट्रातल्या गेलेल्या ढोलकीवाल्याचं नाव होतं. ज्या नाक्यावर त्यांनी नोकरी केली त्या नाक्याचंसुद्धा नाव एका भसाड्या भोंग्याला होतं. ते बघून मी एकटीच हसले. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी शोधतेय. एक ते एकशे तेरा. शैला कुठंही नव्हती.

एकशे चौदाला होतं, तबस्सुम.

मी एक पट्टी दाबली. तो आवाज कसा होता हे मला सांगता येणार नाही, मी वाक्यांचा धंदा करते तरीही. सुरुवातीला जरासा श्वास ऐकू यायचा, माणसानं तोंडाला लावण्याआधी घेतलेला. मग सूर. मी पट्टी धरून ठेवली आणि तो सूर शेवटाकडं थरथरला, अगदी थोडा, जसं कुणी रडणार नाही असं ठरवलेलं असतं. त्या एका सुरापुरता तरी माझा कान ऐकणाऱ्याचा होता. कळलं मला. बाबांनी आयुष्यात केलेली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे हे कळलं, आणि ती कुणाच्या नावावर आहे तेही.

पुसायचं बटण दाबल्यावर यंत्र एकदा विचारतं, नक्की का? हो किंवा नाही. मी विचार केला नाही असं म्हणणं सोयीचं आहे. मी केला होता. मला वाटलं, करतील परत, चार दिवस लागतील, आणि तेवढे चार दिवस ती या घरात पहिली नसेल.

मी हो दाबलं.

याला आता नऊ वर्षं झाली. तबस्सुमनं लग्नानंतर गावातच वर्ग काढला. ‘कासारमास्तर की-बोर्ड क्लास’. पाटी लावताना मला विचारलं होतं, मी होकार दिला होता. वर्षातून एकदा ती मला बोलवायची आणि मी दरवर्षी परीक्षेचं काम सांगायचे. या डिसेंबरात तिनं वर्गासाठी डिजिटल पियानो घेतला, मोठा, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, आणि घरी येऊन म्हणाली, “ताई, या वेळी कारण सांगू नका. पहिली पट्टी तुम्ही दाबायची.”

गेले. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरची लांबट खोली. वीसेक मुलं, भिंतीला टेकून आईबाप. बाबांचा फोटो होता, त्याला ताजा हार. मी पियानोची एक पट्टी दाबली. ती बोटाखाली जड लागली, आत लाकडाचा हातोडा असल्यासारखी. टाळ्या झाल्या. तबस्सुमनं मुलांना दाखवलं, हळू दाबलं की आवाज गोल येतो, जोरात दाबलं की कडक, पायाखालचं पेडल धरलं की सूर रेंगाळतो. मग दोन मुलं जुन्या की-बोर्डवर आपण केलेले टोन ऐकवणार होती. पहिला मुलगा वाजवून गेला. दुसरी, दोन वेण्यांची, दहाएक वर्षांची मुलगी पुढं आली, बटण दाबलं आणि पडद्याकडं बघतच राहिली.

“बाई, नाहीये.”

मागून एक पोरगा ओरडला, “मास्तर झाला! हिचा मास्तर झाला!”

सगळी मुलं खिदळली. आईबापही हसले. मला कळेना. तबस्सुमला माझा चेहरा दिसला असावा, ती कौतुकानं सांगायला लागली, “ताई, ही यांची भाषा आहे. टोन केला आणि राईट दाबायला विसरलं, की म्हणायचं मास्तर झाला. मीच सांगितलेली गोष्ट. पहिल्या दिवशी प्रत्येक बॅचला सांगते.” ती आईबापांकडं वळली. “आमचे सर, एवढा मोठा माणूस, दीडशे गायकांच्या पट्ट्या पाठ. शेवटी शेवटी तेसुद्धा विसरायला लागले होते. सगळ्यात सुंदर टोन केला आणि राईट दाबायचंच विसरले. म्हणून मी मुलांना सांगते, आधी राईट, मग कौतुक.”

“मास्तरांसारखं विसरायचं नाही!” चारपाच मुलं एका सुरात म्हणाली. पाठ केलेलं होतं ते. नऊ वर्षांच्या सगळ्या बॅचनी पाठ केलं असणार.

वेण्यांची मुलगी रडवेली झाली होती. तबस्सुम तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “असू दे गं. सर पण विसरलेच होते ना?”

“नाही,” मी म्हणाले.

आवाज फार मोठा नव्हता. पहिल्या रांगेतल्यांनी मागं वळून पाहिलं. तबस्सुम हसत होती, मी काहीतरी आठवण सांगणार असं तिला वाटलं असावं. तिनं मुलांना गप्प केलं.

“ऐका रे. सरांच्या कन्या बोलतायत. सांगा ना ताई.”

मी उभी राहिले. वर्गात पंचवीस वर्षं उभी राहते, पण हात कुठं ठेवायचे ते कळेना.

“बाबा विसरले नव्हते,” मी म्हणाले. “त्यांनी राईट दाबलं होतं. बुधवारी रात्री, एकशे चौदा नंबरला. गुरुवारी तो टोन मी पुसला. रविवारी त्यांनी मला तुझ्यासमोर विचारलं, आणि मी नाही म्हणाले. त्यांचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत ठीक होतं, तबस्सुम. मला तुझा हेवा वाटत होता. त्या टोनला त्यांनी तुझं नाव दिलं होतं.”